दोनशे फुटांवर

नैर्ऋत्य वाऱ्याच्या दिवसांत टी. नगरमधील आमच्या गच्चीवरून, दक्षिणेस अड्यार नदीच्या अंगाने मीनंबाक्कमकडे उतरणारी विमाने दिसतात. बदलीच्या गावी राहणाऱ्यास विमान पाहून रजेची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच; आम्हांस मात्र ते मनात खुपे. चिरंजीवांनी दोन वर्षांपूर्वी अभियांत्रिकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून वैमानिक होण्याचे ठरविले, तेव्हापासून त्यांच्याशी आमचे बोलणे कामापुरतेच उरले होते.

गेल्या दिवाळीत ते घरी आले आणि त्यांनी आमच्या संगणकावर आभासी विमान बसवून दिले. बाहेर ईशान्य मोसमी पाऊस कोसळत होता. "बाबा, एकदा उतरवून तर बघा," ते म्हणाले.

विमानात ऑटोपायलट आहे हे ऐकून आम्हांस धीर आला. हाताखालच्या कारकुनाने टिपण तयार करावे आणि आपण सही ठोकावी, इतकाच हा प्रकार असावा! धावपट्टी आठ मैलांवर असताना, चार हजार फुटांवरून, आम्ही कळ दाबली. विमान मीनंबाक्कम मागे टाकून सरळ समुद्रावर गेले.

चिरंजीवांनी समजावले ते असे : एक रेडिओलहर धावपट्टीची मध्यरेषा दाखविते, दुसरी उताराची वाट. ही वाट सुमारे तीन अंशांची; दहा सागरी मैलांवर ती जवळजवळ तीन हजार फूट उंच असते. आधी मध्यरेषा धरावी, मग वाटेच्या खाली राहून, उंची न बदलता, ती भेटेपर्यंत धीर धरावा. वरून झडप घालू पाहणाऱ्यास यंत्र सहसा दाद देत नाही.

दुसऱ्या खेपेस आम्ही पश्चिमेकडून, बारा मैलांवरून, अडीच हजार फुटांवर निमूट आलो. दोन्ही खुणा मध्याला आल्या आणि विमानाने आपण होऊन नाक खाली केले. आम्ही धन्य झालो! पण चिरंजीवांनी ढग अगदी जमिनीलगत आणून ठेवले होते. दोनशे फूट झाले तरी काचेपलीकडे काहीच दिसेना. इतके आल्यावर परतायचे कसे, म्हणून आम्ही तसेच उतरत राहिलो आणि विमान जमिनीवर आदळले.

"दोनशे फुटांवर दिवे दिसले नाहीत तर वर जायचं, बाबा. पुन्हा फेरा घ्यायचा. त्यात कमीपणा नसतो."

७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला भर पावसात विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळले आणि २१ माणसे दगावली. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना दिली होती, असे चौकशी अहवालात नमूद आहे. सौभाग्यवतींना हे ठाऊक होते. त्या दारातच उभ्या होत्या.

आम्ही बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिलो. मग विचारले, "कॉलेज सोडलंस, तेव्हा पुढचं काही दिसत नव्हतं का?"

"नव्हतं," चिरंजीव म्हणाले.

दोन वर्षांत हा प्रश्न आम्ही त्यांना एकदाही विचारला नव्हता. माघार घेणारा तो भित्रा, असे मात्र दोनदा ऐकविले होते.

तिसऱ्या खेपेस दोनशे फुटांवर आम्ही विमान वर उचलले. चौथ्या खेपेस दिवे दिसले.