वीसचा पट



यंदा आमची धाकटी पहिलीत गेली. थोरली त्याच शाळेत तिसरीत आहे. शाळा जिल्हा परिषदेची, रत्नागिरी शहरापासून थोडी बाहेर, पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि मागे स्वयंपाकाची पत्र्याची शेड. नाव लिहीत नाही, कारण अशा शाळा आपल्या जिल्ह्यात वाडीवाडीला आहेत. माझ्या लिहिण्यात तुमच्या वाडीची शाळा दिसली तर तीच समजा.

पंधरा जूनला रविवार आला, म्हणून शाळा सोमवारी १६ तारखेला उघडली. पाऊस यंदा मेमध्येच येऊन बसला होता. दरवर्षी मृगाची वाट पाहता पाहता वह्यांना कव्हरं घालतो, यंदा कव्हरं घालायला घेतली तेव्हाच कागद सादळलेला. कोकणात राहणाऱ्या बायकांना सांगायला नको. दप्तराला बुरशी, गणवेश वाळता वाळत नाही, इस्त्री फिरवूनच ओलसर कपडा अंगात घालायचा. माझं माहेर कोल्हापूरकडचं. तिथेही पाऊस असतो, पण असा कपाटात शिरत नाही.

पुस्तकं मात्र शाळेत पहिल्या दिवशीच मिळाली. गेली दोन वर्षं पुस्तकातच मध्ये मध्ये वहीची कोरी पानं होती, ती यंदा काढून टाकली आहेत, त्यामुळे वेगळ्या वह्या पुन्हा घ्याव्या लागल्या. थोरलीला वाईट वाटलं, ती त्या पानांवर चित्रं काढायची.

आमच्या घरात पुस्तकांचं वर्ष तसं आधीच सुरू झालेलं असतं. ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे श्रुतपंचमी, आणि ती दरवर्षी शाळा उघडायच्या मागेपुढेच येते. यंदा मेच्या शेवटी होती. सासूबाई शास्त्रांची जुनी वेष्टनं काढतात, ग्रंथ पुसतात, नवी वेष्टनं घालतात, मग पूजा. दोन्ही मुलींनी आपापली पुस्तकंही शेजारी आणून ठेवली. षट्खंडागम लिहून पूर्ण झाला आणि त्याची पूजा झाली तो हा दिवस, हे आपल्याला पाठ असतं. धाकटीला मी त्यातली मंत्राची गोष्ट सांगितली. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांनी दोन तरुण मुनींची परीक्षा घ्यायची म्हणून एकाला एक अक्षर जास्तीचा मंत्र दिला आणि दुसऱ्याला एक अक्षर कमी. साधना केल्यावर एकापुढे दात पुढे आलेली देवी उभी राहिली, दुसऱ्यापुढे एका डोळ्याची. देवी अशी कशी असेल, म्हणून दोघांनी स्वतःच मंत्र तपासले, व्याकरणाने दुरुस्त केले आणि पुन्हा साधना केली. तेव्हा देव्या नीट दिसल्या. ते दोघे म्हणजे पुष्पदंत आणि भूतबली. धाकटी आता काना विसरली की थोरली तिला म्हणते, "दातवाली देवी येईल बघ." मी हसते. शुद्धलेखन शिकवायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

असो. आज लिहायचं आहे ते पटाबद्दल.

गेल्या वर्षी आमच्या शाळेचा पट २२ होता. चौथीची सहा मुलं बाहेर पडली, ती पाचवीला शहरात गेली. एक घर विरारला गेलं, त्यांची दोन गेली. राहिली १४. अंगणवाडीतून पहिलीला येणारी तीन, त्यात आमची एक. म्हणजे १७. वीसच्या आतली शाळा म्हटलं की आता पोटात गोळा येतो. २०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले होते, तेव्हा राज्यात अशा साधारण १४ हजार ७०० शाळा निघाल्या होत्या. पुण्याकडे पानशेतला आणि नंदुरबारला तोरणमाळला असा प्रयोग झाला, तो चांगला चालल्याचं दाखवलं गेलं. चालला असेल. पण आमच्या वाडीतून पुढच्या शाळेत जायचं तर मध्ये दोन पऱ्ये आहेत, आणि जुलैत त्यांचं पाणी कसं धावतं ते इथल्या माणसाला विचारा. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, असं शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात आहे. तो हक्क सहा वर्षांच्या मुलीच्या पायांनी मोजायचा असतो, एसटीच्या वेळापत्रकाने नाही.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, त्यामुळे माझ्यासारखीचा नंबर लागतो. मे महिन्यात बाई आणि आम्ही तिघी जणी घरोघर फिरलो. शहरातल्या इंग्रजी माध्यमाची पिवळी बस आमच्या वाडीतून सात मुलं उचलते. त्या आयांना मी भाषण दिलं नाही. आपलं मूल कुठे घालायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, आणि फी भरून घालणारी आई मुलाचं वाईट चिंतत नसते. बाईंनी फक्त थोरलीच्या वर्गातल्या मुलांच्या वह्या बरोबर घेतल्या होत्या. एका घरी त्या वह्या बराच वेळ बघितल्या गेल्या. तो मुलगा यंदा आमच्याकडे तिसरीत आला. १८.

दोन आले ते कलमांच्या बागेतून. रत्नागिरीत आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं असतात हे इथे सगळ्यांना माहीत आहे. हंगाम संपला की बरीचशी गावी जातात आणि दिवाळीच्या आसपास परततात. या कुटुंबाला बागमालकाने पावसात कलमांना खत घालायला आणि रान काढायला ठेवून घेतलं. भाऊ दुसरीत बसला, बहीण पहिलीत, आमच्या धाकटीच्या शेजारी. त्यांच्या आईला मी विचारलं, पावसाळाभर राहणार ना? ती म्हणाली, "मालिक बोलेगा तो रहेंगे, दीदी." वीसचा पट एका बागमालकाच्या बोलण्यावर उभा आहे. शिक्षकांची पदं ठरवताना ३० सप्टेंबरचा पट बघतात. तोवर खत संपू नये, असं मी मनात म्हणते.

त्या मुलीची एक गंमत. तिला नेपाळी येते, टीव्हीवरची हिंदी कळते, आणि आता मराठी शिकते आहे. शाळा उघडून एक दिवस झाला तोच १७ जूनला पहिलीपासून हिंदीचा नवा शासन निर्णय आला, त्यावर राज्यभर वादळ झालं आणि २९ तारखेला तो मागेही घेतला गेला. एवढ्या दिवसांत ती पोर वाडीत 'पाणी', 'खेळूया' आणि 'माझं हाय ते' एवढं शिकून मोकळी झाली.

प्रवेशोत्सवाला यंदा बाप लोक दिसले, हे मला फार बरं वाटलं. एरवी आयाच असतात. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला, त्यामुळे दोन-तीन जण छत्र्या घेऊन आले. मुलांना ओवाळलं, फुगे दिले, पहिलीच्या मुलांच्या पावलांचे कुंकवाचे ठसे कागदावर घेतले. धाकटीचा ठसा पाण्याने ओघळला. तोच ठेवला.

आणि मग समितीची बैठक, आणि अंड्याचा विषय.

तुम्हाला आठवत असेल, २०२३च्या नोव्हेंबरात सरकारने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं किंवा दुसरं फळ. या वर्षीच्या जानेवारीत त्याचे सरकारी पैसे थांबले. ज्या शाळेला द्यायचं असेल तिने लोकसहभागातून द्यावं, असं आलं. तर यंदा पहिल्याच बैठकीत एका होडीवाल्या पालकाने विषय काढला, की वर्गणी काढू, मुलांना अंडं परत चालू करू. वीस मुलांपैकी खाणारी सतरा, आठवड्याला सव्वाशे रुपयेसुद्धा लागणार नाहीत.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वाडीत जैन घर आमचं एकच.

आमची मुलगी शाळेत कशी जेवते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पंगतीत सगळ्यांबरोबर बसते, साधा भात शाळेचा घेते, आमटी-भाजी घरच्या डब्यातली. खिचडीत बटाटा पडायच्या आधी मावशी दोघींपुरती वाटीभर बाजूला काढतात, मी कधी सांगितलंही नव्हतं. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं गणित आहे. कागदावर जमतं. पण होड्या बंद असल्या की कोळ्याच्या घरीही ताटात मासा नसतो, पैसाही आखडलेला असतो, हे मी शेजारी राहून बघते. बैठकीनंतर त्या पालकाची बायको मला पायरीवर म्हणाली, "वैनी, तुमी देव नका वर्गणी. फक्त आडवू नका."

तिच्या त्या बोलण्यावर मी दोन रात्री विचार केला. आपल्याकडे हिंसा तीन वाटांनी होते म्हणतात. कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलं नाही, कोणाकडून करवून घेतलं नाही, पण 'बरं झालं' म्हटलं तरी वाटा आलाच. समितीच्या ठरावावर सही करणं हे अनुमोदन नाही तर काय? आणि दुसऱ्या बाजूने, मी हात वर करून 'नको' म्हटलं तर माझं व्रत मी दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात ठेवते आहे. व्रत घेतं कोण? ज्याला कळतं तो, आपल्या इच्छेने. सहा वर्षांच्या कोळ्याच्या मुलाने ते घेतलेलं नाही.

माझे आजोबा कर्मवीर भाऊराव पाटलांना मानायचे. भाऊरावांचा जन्म कुंभोजचा, घर आपलंच, दिगंबर जैन. १९१९ला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली. आजोबा भाऊरावांपेक्षा लक्ष्मीबाईंची गोष्ट जास्त सांगायचे, की मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही. सोवळ्यात वाढलेली बाई त्या सगळ्या पोरांची आई झाली. त्यांनी स्वतःचा धर्म सोडला असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. अंड्याचं उत्तर या गोष्टीत नाही, ते मला कळतं. पण पायरीवरच्या त्या बाईला काय उत्तर द्यायचं, ते मला इथून सुचलं.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं, की ठराव करा, मी विरोध करत नाही. इतिवृत्तात माझी सही हजेरीची धरा, ठरावाच्या बाजूची नको, आणि तसं लिहा. गुरुजींनी तसं लिहिलं. अंड्याची वर्गणी मी देणार नाही. त्याच दिवशी वीसही मुलांना केळं आमच्या घरून येईल, अंडं खाणाऱ्यालाही. आणि अंडी उकडायचं भांडं वेगळं असावं, एवढी एक विनंती. मावशी म्हणाल्या, "ता माज्याकडं हाय जुना पातेला." विषय संपला, आणि पुढे छपराच्या गळतीवर तासभर बोलणं झालं.

घरी मात्र संपला नाही. सासूबाईंचं म्हणणं, केळी पाठवलीस ते चांगलं केलंस, पण समितीतूनच उठायचं होतं. जिथे ठराव होतो तिथे बसायचंच कशाला? त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. मी एवढंच म्हटलं, की मी उठले तर पटासाठी घरोघर कोण फिरेल? त्या म्हणाल्या, "ते वेगळं आणि हे वेगळं." कदाचित असेलही. आम्ही दोघी त्यावर अजून बोलतो, भाजी निवडताना, पाणी गाळताना. यांना विचारलं तर हे म्हणतात, तुम्ही दोघी ठरवा.

चातुर्मास आता तोंडावर आला. पालेभाज्या आमच्याकडे बंद होतील, नेमक्या त्याच दिवसांत जेव्हा वर्गातल्या बाकीच्या मुली टाकळा आणि भारंगी खुडत शाळेत येतात. सूर्यास्ताच्या आत जेवण असल्याने शाळेतून आल्यावर मुलींची घाई होते, अभ्यास मग जेवणानंतर. धाकटी परवा रडवेली घरी आली, कारण मुलांनी मृगाचे मखमली किडे काडेपेटीत भरले होते. मी म्हटलं, रागवू नकोस, त्यांना म्हण की बघून झालं की सोडून देऊया. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना काडेपेट्या घेऊन व्हरांड्यात बसवलं, किड्यांचे पाय मोजायला लावले, आठ निघाले, आणि मग गवतात सोडायला लावले. नेपाळी मुलीने म्हणे सगळ्यात हळू सोडला.

अंड्याचा वार बुधवार ठरला आहे. केळीवाल्याला मंगळवारी दोन डझन सांगून ठेवली आहेत, चार जास्तच. बागेतून अजून कोणी आलं तर असू देत.

जय जिनेंद्र.