पंचगंगेचं पाणी आणि कांद्याची मुळं

चि. मुक्तास,


प्रकल्पासाठी तू पंचगंगा निवडलीस, याचा मला फार आनंद झाला. बीओडी, सीओडी, पीएच तू मोजशीलच. पण शहराचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसमधलं रंगाचं पाणी, कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी आणि शेतातली औषधं तेरवाडच्या बंधाऱ्यापर्यंत एकजीव झालेली असतात. त्यातला एकेक पदार्थ मर्यादेत असेलही. सगळे मिळून गुणसूत्रांचं काय करतात, ते जिवंत पेशीलाच विचारावं लागतं. म्हणून माझं मत, तू कांदा घे.

कांद्याच्या पेशीत 16च गुणसूत्रं असतात आणि तीही चांगली मोठी, कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी. स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी 1938 साली कोल्चिसिन या रसायनाचा परिणाम कांद्याच्याच मुळांवर पाहिला होता. आजही ही तपासणी इतकी स्वस्त आहे की तिला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

कांदे आधी स्वच्छ पाण्यावर ठेवून मुळं फुटू दे, मग नदीच्या पाण्यात हलव. मुळांची टोकं अल्कोहोल आणि असेटिक आम्लात बुडव, रंगव, काचेवर चेपून पसरव. विभाजन चालू असलेल्या पेशी आधी मोज. त्या फार कमी झाल्या असतील तर पाण्याने वाढच रोखलीय. मग खरी गंमत. दोन टोकांकडे निघालेल्या गुणसूत्रांमध्ये ताणलेला पूल दिसला, तर बहुधा ती तुटून भलतीकडे जोडली गेलीत. मागे राहिलेला तुकडा पुढच्या पेशीत केंद्रकाशेजारी वेगळा ठिपका होऊन बसतो, ते सूक्ष्मकेंद्रक. पहिल्यांदा दिसेल तेव्हा मला लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत!

माशांच्या तांबड्या पेशींनाही केंद्रक असतं, त्यामुळे त्यांच्या रक्तातही हे बघता येतं. पण तुझ्या कामाला कांदा पुरे.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. स्लाइडवर ठिकाणाचं नाव घालू नकोस. मैत्रिणीकडून खुणेचे आकडे घालून घे. मेलेले मासे पाहून नदीसाठी जीव तुटत असला की रंगाचा प्रत्येक डाग सूक्ष्मकेंद्रक वाटायला लागतो. तुलनेला राधानगरीकडचं, भोगावतीचं वरचं पाणी घे. नळाचं नको, कारण क्लोरिन आणि त्यापासून तयार होणारे पदार्थ मुळांना स्वतःच बाधतात. बंधाऱ्याला बरगे असतात तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात, एकदा नमुना घे आणि पावसाळ्यात वाहत्या पाण्याचा पुन्हा घे.

आणि मुळांत दोष सापडले म्हणून नृसिंहवाडीच्या माणसांना कर्करोग होणार, असं कुठेही लिहू नकोस. कांदा एवढंच सांगतो की या पाण्यात गुणसूत्रं मोडणारं काहीतरी आहे. ते शोधायला मोठ्या यंत्रणेने यावं, असं मागायला तेवढं पुरेसं आहे, आणि ते तू ठामपणे माग. वरच्या आणि खालच्या पाण्यात फरक दिसला नाही, तर तेही तितक्याच ठळकपणे लिही.

इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याच्या तोंडाशी बाटली भरायला एकटी जाऊ नकोस. हातमोजे घाल. पहिल्या स्लाइडचे फोटो पाठव, आपण दोघी मिळून मोजू.

तुझी,
मावशी