नोंदीबाहेरचा कारखाना

सॅप ही जर्मन कंपनी आपल्या ईसीसी या जुन्या ईआरपी प्रणालीची नेहमीची देखभाल 2027 अखेर थांबवणार आहे. आधी ही मुदत 2025 ची होती. 2020 मध्ये ती दोन वर्षांनी वाढली, आणि जादा पैसे मोजणाऱ्यांना 2030 अखेरपर्यंतची सोय ठेवली गेली. मुदत वाढली तरी प्रश्न टळला नाही. ज्या कंपन्यांचा सगळा कारभार या प्रणालीवर चालतो, त्यांना नव्या एस-फोर हानावर किंवा दुसऱ्या कुणाच्या प्रणालीवर जायचं कसं, हे ठरवावंच लागणार आहे.

ईआरपीत खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार आणि हिशेब एकाच धाग्यात ओवलेले असतात. गेटमधून माल आत आला, स्टोअर्सने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केली, की त्याच क्षणी साठा वाढतो आणि पुरवठादाराचं देणं खात्यात उभं राहतं. म्हणूनच एक टाका निसटला तर त्याचा त्रास भलत्याच टेबलावर दिसतो. डिस्पॅचमधली चूक महिनाअखेरीला हिशेबनीसाच्या गळ्यात येते.

‘जायचं कसं’ या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात. पहिला, सोबत काय न्यायचं. सगळं नव्याने मांडायचं, म्हणजे ग्रीनफील्ड. आहे तीच घडी नव्या प्रणालीत उचलून न्यायची, म्हणजे ब्राउनफील्ड. किंवा निवडक माहिती आणि निवडक प्रक्रिया घेऊन मधला मार्ग काढायचा. दुसरा प्रश्न, कोणत्या क्रमाने जायचं. एका शनिवार-रविवारी सगळी कंपनी एकदम, एकेक कारखाना करत टप्प्याटप्प्याने, की काही काळ जुनी आणि नवी प्रणाली दोन्ही चालवून?

सल्लागारांच्या सादरीकरणात यासाठी एक तक्ता असतो. खर्च, वेळ, जोखीम असे रकाने असतात. तक्ता उपयोगाचा आहे, पण त्यात सगळ्यात महत्त्वाचा रकाना बहुधा नसतो. कंपनीचं जे काम कुठल्याच प्रणालीत नोंदलेलं नाही, ते निवडलेल्या पद्धतीत वेळेआधी उजेडात येईल का?

हर्षी या अमेरिकन चॉकलेट कंपनीची गोष्ट या व्यवसायात वारंवार सांगितली जाते. 2000 साल उजाडण्याआधी जुनी संगणकव्यवस्था बदलायची म्हणून कंपनीने सॅपची आर-थ्री ही ईआरपी प्रणाली, आणि तिच्या जोडीला आणखी दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर घेतली. खर्च सुमारे 11 कोटी 20 लाख डॉलर. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं गेलं. एप्रिलमध्ये व्हायचं ते जुलै 1999 मध्ये झालं, आणि तेव्हाच हॅलोविनच्या मोठ्या मागण्या यायला लागल्या होत्या. लग्नघरात पाहुणे येऊ लागल्यावर स्वयंपाकघराची फरशी उखडावी, तसा तो मुहूर्त होता. माल तयार होता, पण दुकानांपर्यंत पोचत नव्हता. सुमारे 10 कोटी डॉलरच्या मागण्या पुऱ्या करता आल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा 19 टक्क्यांनी घसरला.

या अपयशाची कारणं पुष्कळ सांगितली गेली. त्यातलं एक मात्र मनात रुतून बसतं. हंगामात माल फार साठला की हर्षीची माणसं तो तात्पुरत्या जागांत ठेवत, भाड्याच्या गोदामात किंवा कारखान्यातल्या रिकाम्या खोल्यांत. या जागा अनुभवी माणसांना पाठ होत्या. नव्या प्रणालीला त्या साठवणुकीच्या जागा म्हणून कुणी सांगितल्याच नव्हत्या. चॉकलेट होतं, पण संगणकाच्या दृष्टीने ते कुठेच नव्हतं.

प्रत्येक कारखान्याला अशा रिकाम्या खोल्या असतात. स्टोअरकीपरची निळी वही, डिस्पॅचच्या माणसाने स्वतःपुरती बनवलेली एक्सेल, जॉबवर्कला गेलेल्या मालाचा फोनवरून ठेवलेला हिशेब. अमुक ग्राहकाचं बिल पंचवीस तारखेनंतर पाठवायचं नाही, हे फक्त एकाच बाईंना माहीत असतं आणि त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरलेले असतात. ही माणसं पद्धत ठरवणाऱ्या बैठकीत क्वचितच बोलावली जातात. हा अन्याय तर आहेच, शिवाय धंद्याच्या दृष्टीने फार महागातला निष्काळजीपणा आहे.

या नजरेने पाहिलं की ब्राउनफील्डचा मोह समजतो आणि त्यातला धोकाही. जुन्या सॅपमध्ये कंपनीने स्वतःसाठी लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमची नावं सहसा झेड किंवा वाय अक्षराने सुरू होतात. वीस वर्षांत असे प्रोग्रॅम शेकड्यांनी साचतात. त्यातले काही कंपनीचा प्राण असतात. काही कधीच्या कुणा साहेबाला हव्या असलेल्या अहवालासाठी बनलेले असतात. साहेब गेले, अहवाल कुणी उघडत नाही, प्रोग्रॅम मात्र आहे. सगळं उचलून नेलं की ही निवड करावीच लागत नाही. सगळं टाकून दिलं की प्राणही त्यासोबत जाऊ शकतो.

लिडल या जर्मन किराणा साखळीची अडचण हीच होती. 2011 मध्ये तिने सॅपवर नवी प्रणाली उभारायला घेतली. लिडल साठ्याचं मूल्य खरेदीच्या दराने मांडे. सॅपची तयार रचना विक्रीच्या दरावर बेतलेली होती. कंपनीने आपली रीत सोडली नाही, सॉफ्टवेअर वळवत राहिली. 2018 मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, तोवर जर्मन वृत्तपत्रांच्या अंदाजानुसार सुमारे 50 कोटी युरो गेले होते. खरेदीदराची रीत चूक होती असं मुळीच नाही. ती जपायची की सोडायची, याचा निकाल पहिल्या वर्षी लागायला हवा होता.

दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे क्रमावर, तारखेची सत्ता चालते. नॅशनल ग्रिड या वीज कंपनीच्या अमेरिकन शाखेने नोव्हेंबर 2012 मध्ये सॅप सुरू केलं. जेमतेम आठवडाभर आधी सँडी चक्रीवादळाने न्यूयॉर्कचा परिसर उद्ध्वस्त केला होता. वीज दुरुस्त करायला कर्मचारी दिवसरात्र राबत होते, ओव्हरटाइमचे हिशेब गुंतागुंतीचे झाले होते, आणि नेमकी तेव्हाच पगाराची प्रणाली बदलली. कुणाला कमी पैसे मिळाले, कुणाला जास्त. पुरवठादारांची 15,000 बिलं तुंबली. चार दिवसांत होणारा महिन्याचा हिशेब 43 दिवसांवर गेला. निस्तरण्याचा खर्च 58 कोटी डॉलरच्या पुढे पोचला. तारीख पुढे ढकलली असती तरी कोट्यवधी डॉलर गेले असते, हे खरं. पण वादळात खांबांवर चढलेल्या माणसाच्या पगारात गोंधळ व्हावा, याचा हिशेब केवळ डॉलरमध्ये होत नाही.

आपल्याकडे ही तारीख अनेकदा 1 एप्रिल असते. वर्ष नवं, आरंभीची शिल्लक स्वच्छ, म्हणून ती सोयीची वाटते. पण त्याच आठवड्यांत लेखाविभाग वर्षअखेर, साठामोजणी आणि लेखापरीक्षण यांत बुडालेला असतो. त्यात कायद्याचे धागे आहेत. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात, आणि 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं बंधनकारक आहे. म्हणजे ग्रीनफील्ड घेऊन फक्त उघडी बिलं आणि शिलकी आणल्या, तरी जुनी प्रणाली वाचण्यापुरती जिवंत ठेवावी लागते. तिचा खर्च तक्त्यात आधीच धरलेला बरा.

टप्प्याटप्प्याने जाणं अधिक सुरक्षित वाटतं, आणि बऱ्याचदा असतंही. पहिल्या कारखान्यात निघालेली उणीव दुसऱ्याच्या आधी दुरुस्त होते. मात्र मधल्या काळात जुन्या आणि नव्या प्रणालीत तात्पुरते पूल बांधावे लागतात, आणि एका कारखान्यातून दुसऱ्यात जाणारा माल त्या पुलांवरच अडकतो. दोन्ही प्रणाली समांतर चालवल्या तर आकड्यांची खातरजमा होते, पण प्रत्येक नोंद दोनदा करण्याचं ओझं त्याच माणसांवर पडतं, ज्यांचं रोजचं काम कमी झालेलं नसतं. जादा माणसं न देता समांतर पद्धत निवडणं म्हणजे जोखीम संचालकांच्या टेबलावरून कारकुनाच्या टेबलावर सरकवणं आहे.

हर्षीची गोष्ट 1999 मध्ये संपली नाही. 2002 मध्ये तिने त्याच सॅपची नवी आवृत्ती बसवली. काम अकरा महिन्यांत झालं, ठरलेल्या खर्चाच्या 20 टक्के कमी पैशांत, आणि मालाची पाठवणी न अडता. कंपनी तीच होती, चॉकलेट तेच होतं, आणि सॉफ्टवेअर विकणारेही तेच होते. फरक होता तो तयारीचा.

2027 अखेरच्या मुदतीआधी उरलेल्या वेळातले पहिले काही आठवडे कंपन्यांनी पद्धतीवर न घालवता शोधावर घालवावेत. स्टोअर्स, डिस्पॅच, खरेदी आणि पगार विभागात बसून प्रणालीबाहेर चालणाऱ्या वह्या, एक्सेल आणि फोनवरचे हिशेब यांची यादी करावी, आणि प्रत्येकापुढे ते कोण चालवतं ते लिहावं. मग एका पूर्ण महिन्याचे खरे व्यवहार घेऊन तालीम करावी. तीत चुकलेल्या नोंदी त्याच माणसांनी तपासाव्यात, आणि ‘अजून तयार नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यांना लेखी द्यावा. त्यानंतर तक्ता भरायला घेतला, तर त्यातल्या जोखमीच्या रकान्यात अंदाजाऐवजी या यादीतले आकडे लिहिता येतील.