रोजचे दहा प्रश्न

यवतमाळच्या अभ्यासिकेत कॉम्प्युटर चालू झाला की पोरं आधी क्विझ सोडवतात, मग पुस्तक उघडतात. दहा प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, लाल-हिरवा निकाल. एकमेकांना ‘आज किती?’ एवढंच विचारतात.

*

माझं लक्ष गुणांकडे नसतं. लाल झालेल्या प्रश्नाखाली ‘स्पष्टीकरण पाहा’ असं लिहिलेलं असतं, ते कोण उघडतं ते मी बघतो. फार थोडे. माझ्या मते क्विझमधलं शिकणं तिथंच आहे, बाकी करमणूक. (करमणुकीला हरकत नाही. रील्सपेक्षा बरी.)

*

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक उतारा काही विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर लिहून काढणारे पुढे. पाढे म्हणून घेणाऱ्या मास्तरांना यात नवल वाटलं नसतं.

पण त्या विद्यार्थ्यांपुढे पर्याय नव्हते. चारांतून ओळखणं निराळं आणि स्वतः आठवणं निराळं. म्हणून मी सांगतो, स्क्रीनचा खालचा भाग वहीनं झाका, उत्तर मनात म्हणा, मग वही काढा.

‘वेळ जाते न काका त्यात.’

जाऊ दे म्हटलं.

*

‘टिपेश्वर अभयारण्य कोणत्या जिल्ह्यात आहे?’ हा आमच्या पोरांना फुकटचा गुण. पांढरकवड्याकडचा एक जण म्हणाला, ‘वाघ वावरात येते, ते नाही विचारत कोणी.’ खरं आहे. कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये टिपेश्वरातून निघाला, तेलंगणातही शिरला आणि तेराशेहून जास्त किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची वाट नकाशावर काढली तर कितीतरी जिल्हे, नद्या, रस्ते एका दमात पाठ होतील. क्विझमध्ये मात्र टिपेश्वर म्हटलं की यवतमाळ, आणि पुढचा प्रश्न नोबेलचा.

*

‘खालीलपैकी द्राविडी कुळातली भाषा कोणती?’ कोरकू, भिली, कोलामी, हलबी.

झरी-जामणीकडच्या पोडावरचा मुलगा. त्यानं भिली दाबलं. लाल. उत्तर कोलामी, म्हणजे त्याच्या आजीची बोली. तो खुर्ची पुढे ओढून स्पष्टीकरण वाचायला लागला. कोलामी ही तेलुगू, गोंडीच्या कुळातली. मेळघाटची कोरकू तिच्या नात्यातली नाही, ती मुंडा कुळातली. दारव्हा-पुसदकडच्या तांड्यांवरची गोरमाटी तर आर्यकुळातली, राजस्थानीला जवळची. ‘म्हणजे आजीले आंध्रातल्या लोकायचं समजत असन का?’ एवढं काही समजणार नाही, म्हटलं, पण आकडे विचारून बघ. उरलेले प्रश्न तसेच ठेवून तो फोन करायला बाहेर गेला.

ज्या उत्तराची खात्री असते तेच चुकलं, तर दुरुस्ती जास्त टिकते, असंही मानसशास्त्रवाले म्हणतात. इथं खात्री नव्हती, आजी होती. तेही चालत असावं.

*

तुक्क्याबद्दल. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव हिश्श्यानं गुण कापतात, म्हणजे चार चुका एक बरोबर उत्तर खातात. २०२३च्या तलाठी भरतीत तसा दंड नव्हता, त्यामुळे प्रश्न कोरा सोडणं हाच वेडेपणा. ती परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत कॉम्प्युटरवर झाली, गुणांचं सामान्यीकरण झालं आणि एका उमेदवाराला २०० पैकी २१४ पडले. त्यावरून राज्यभर गदारोळ उठला. आमच्याकडे मात्र दहापैकी अकरा हा अभ्यासिकेतला कायमचा विनोद झाला.

रोजच्या क्विझला दंड नाही. म्हणून पोरं तिथं सैल सुटतात आणि तीच सवय राज्यसेवेला घेऊन जातात.

*

प्रश्न शिळे होतात. पालघर २०१४ मध्ये झाला, महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले, तरी जुन्या संचात ३५ भेटतात. शकुंतला रेल्वेचंही तसंच. ‘खासगी कंपनीच्या मालकीची रेल्वे कोणती?’ शकुंतला. मूर्तिजापूर–यवतमाळ, नॅरोगेज, वऱ्हाडच्या कापसासाठी टाकलेली, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली. पोरांना हे तोंडपाठ असतं. ती गाडी बंद आहे, हे प्रश्नात नसतं.

कळंबची एक मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडून वर्ध्याले नवी गाडी सुरू झाली २०२४ मध्ये, तो प्रश्न कुठंच नाही.’ मग तूच काढ, म्हटलं. प्रश्न तिनं चुटकीसरशी लिहिला. उत्तर कळंब. पण खरी वाटतील अशी तीन चुकीची स्टेशनं हवी होती. देवळी घातलं, खोडलं, ते तर वाटेतच आहे. यवतमाळ घातलं, तेही खोडलं: ‘मी परीक्षा देईपर्यंत गाडी तिथंही आली तर?’ मग वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा नकाशा उघडून बसली.