माप कुणाचे खरे?

खराडीतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे मालाची तपासणी केली. एकच जॉब दोन यंत्रांवर मोजून आकडा वेगळा आला, की साहेब आधी कामगाराला बोलत. आम्ही मात्र मास्टर पीस आणून पहिल्यांदा यंत्र तपासायचो.

म्हणून अक्काच्या मेंदूचे दोन एमआरआय रिपोर्ट हाती आले, तेव्हा मी यंत्रे कोणती ते पाहिले. पहिले १.५ टेस्लाचे, दुसरे ३ टेस्लाचे. गाठ दोन मिलिमीटरने मोठी दाखवलेली. घरात रडारड. अक्का म्हणाली, "भाऊ, वाढलीच ना रे?" डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या आणि पुढची तपासणी पहिल्याच यंत्रावर करा म्हणाले. एवढ्या फरकावरून त्यांना निर्णय द्यायचा नव्हता.

हीच अडचण उंदरांवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांची आहे. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा. औषधाने त्याची झीज थांबली का हे पाहायचे, तर फरक कधीकधी शेकडा दोन-तीनच असतो. यंत्र लांबीत शेकडा एक चुकले, तर लांबी, रुंदी, उंची मिळून आकारमान शेकडा तीनने चुकते. मग तो औषधाचा गुण समजावा की यंत्राचा दोष?

त्यांचाही एक मास्टर पीस असतो. त्याला फँटम म्हणतात. पाण्यात मोरचूद किंवा तसाच क्षार मिसळून भरलेले, माप ठाऊक असलेले गोळे यंत्रात ठेवायचे आणि आकडा जुळतो का पाहायचे. पण जिवंत उंदराला भूल द्यावी लागते, आणि भुलीचे औषध बदलले की मेंदूचे कामही बदलते. तिथे गोळे काय करणार? मेंदूचे भाग एकमेकांशी जुळून कसे काम करतात हे पाहणाऱ्या २० केंद्रांनी म्हणून भूल आणि स्कॅनची पद्धत एकसारखी ठेवली. ते काम २०२३ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये छापून आले. जुन्या, ज्याच्या त्याच्या पद्धतीपेक्षा चित्र पुष्कळ स्पष्ट मिळाले.

आपले यंत्र बदलते ते वेगळ्याच कारणाने. सवलत मिळेल त्या केंद्रात जावे लागते. अक्काच्या तिसऱ्या तपासणीला आम्ही जादा पैसे भरून पहिल्या केंद्रात गेलो, जुनी फिल्म आणि सीडी बरोबर नेली. गाठ होती तेवढीच निघाली. मी काउंटरवरच्या मुलीला विचारले, "बाई, यंत्रात फँटम शेवटचे कधी ठेवले होते?" तिने दरपत्रक पुढे केले.