होडीचे पांघरूण

होडी गाडीवर घालून न्यायची झाली, तर ती झाकून न्यावी की उघडी न्यावी? प्रश्न ऐकून तुम्ही हसाल. फराळाचे ताट पुढे आहे, हातात नवाकोरा अंक आहे, अशा वेळी असल्या गोष्टीचा विचार कोण करील? ज्याच्यापाशी होडी आहे त्याने तो करावा. आणि होडीवाला माणूस तरी ती पाण्यातून नेईल, गाडीवर कशाला घालील? अगदी खरे आहे. वयाची पंचेचाळीस वर्षे उलटली तरी हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. पण गेल्या वैशाखात तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला, आणि त्याच्यापायी माझ्या आजोळी दोन दिवस जी वादावादी झाली तशी घराच्या वाटण्या झाल्या तेव्हाही झाली नव्हती!

माझे आजोळ विजयदुर्गच्या खाडीकाठी. मी मात्र घाटावरचा मास्तर. राधानगरीच्या बाजूला एका खेड्यात मुलांना शिकवतो, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे दोन्ही कामे जरा भीतभीतच करतो. आमच्या गावासमोर धरणाचे पाणी पसरलेले आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेले तेच हे धरण. पाण्याच्या पलीकडे एक वाडी आहे. तिथली सात-आठ मुले माझ्या शाळेत येतात. पूर्वी वाडीची एक नाव होती. ती फुटली, आणि तेव्हापासून ही मुले पाण्याला वळसा घालून दीड तास चालत येऊ लागली. पहिल्या तासाला ती पाटीवर डोके टेकून पेंगत. त्यांना रागे भरायला माझी जीभ कधी उचलली नाही.

आणि इकडे मामाची होडी नारळाखाली नुसती पडून होती. मामाने ऐंशी ओलांडली. दोन्ही मुलगे मुंबईला. बंदरावर आता बहुतेक होड्या फायबरच्या झाल्या. त्यांना ना तेल लागते, ना कापूस, ना माया. एका माणसाने येऊन होडी जळणासाठी मागितली, असे मामीने मला फोनवर सांगितले. "मामांनी त्याला काय उत्तर दिले?" मी विचारले. मामी म्हणाली, "उत्तर कसला? दोन दिवस जेवले नाय."

मी तिसऱ्या दिवशी वाडीतल्या माणसांना भेटलो. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याचा हात पूर्वी वल्ह्यावर बसलेला होता. सगळे ठरले. सुटी लागताच मी एक टेम्पो भाड्याने ठरवला आणि खाडीकाठी जाऊन थडकलो.

होडी 18 फुटांची. तळ आंब्याच्या अखंड ओंडक्यातून कोरून काढलेला. त्यावर दोन्ही अंगांना सागाच्या फळ्या चढवून त्या काथ्याने शिवलेल्या. होय, शिवलेल्याच. लोखंडाचा खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो आणि भोवतालचे लाकूडही खातो. काथ्या मात्र खाऱ्या पाण्याला पुरून उरतो. सांध्यांत कापूस ठासलेला, वरून काजूच्या टरफलाचे काळे तेल पाजलेले. एका बाजूला उलांडी. ती सोडून वेगळी ठेवली, तेव्हा होडी एखाद्या काठी हरवलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसू लागली.

टेम्पोवाला कोल्हापूरकडचा, तरणा आणि चौकस. त्याने होडीभोवती एक फेरी मारली आणि आपला निकाल देऊन टाकला. "गुरुजी, झाकल्याबिगर ही वस्तू न्यायची न्हाई. वैशाखाचं ऊन हाय. वर धुरळा, खडी. चांगली ताडपत्री टाकून आवळून बांधूया."

ओटीवरून मामा ओरडला, "मढां झाकतत रे! होडी झाकूची नसता!"

माझ्या पोटात धस्स झाले. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून तो शब्द निघाला की घरातली हवा बदलते. तेवढ्यात मामी पदर सावरत बाहेर आली. "मढां कित्याक म्हणतास? सासरी जाता ती. सासरी जातली चेडू डोक्यार पदर घेवनच जाता."

झाले! एकाने होडीचे मढे केले, दुसरीने नवरी केली. दोन्ही उपमा एखाद्या कादंबरीकाराला आवडाव्यात अशाच होत्या. पण उपमांनी लाकूड वाळायचे थांबत नाही, आणि कुजायचेही थांबत नाही. मी मनात हिशेब करू लागलो.

लाकडाचा स्वभाव मोठा विचित्र आहे. ते लांबीत जवळजवळ आकसत नाही. आकसते ते आडवे. पाण्यात असलेली होडी फुगलेली असते, आणि फुगली आहे म्हणूनच तिचे सांधे मिटलेले असतात. ती उन्हावाऱ्यात वाळली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. फळी निदान पातळ असते, ती सगळी एकदम वाळते. पण कोरलेला तळ जाड. तो बाहेरून भराभर वाळतो, आतून सावकाश, आणि या ओढाताणीत त्याला चीर जाते. सांधा पुन्हा मिटतो. चीर मिटत नाही. नारळाखाली सावलीत पडून असलेली होडी खाडीच्या दमट हवेत कशीबशी टिकली होती. तिला वैशाखातल्या दुपारी, धावत्या गाडीवरच्या तापल्या वाऱ्यात उघडी न्यायची, म्हणजे ओले धोतर वाऱ्यावर धरण्यासारखेच. म्हणजे टेम्पोवाल्याचे म्हणणे खरे होते.

पण मामाचेही खोटे नव्हते. "कापड बांधलंस म्हणजे शीड झालां," तो म्हणाला. "शीड लावूचां तर सुकाणूर कोणी तरी बसव!" साठ वर्षे वाऱ्याशी झगडलेल्या माणसाचे हे बोल. वेगात गाडी निघाली की ताडपत्रीच्या आत वारा शिरतो, ती फडफडते, तिच्याखाली अडकलेली वाळू लाकडावर घासत राहते, आणि पोहोचेपर्यंत अंगावरचे तेल खरवडून निघते. अमेरिकेत गेल्या शतकात ख्रिस-क्राफ्ट नावाच्या कारखान्याने महोगनी लाकडाच्या देखण्या मोटारबोटी बांधल्या. आज त्या जपणारे हौशी लोक त्या मोटारीमागे जोडलेल्या गाड्यावर घालून तळ्यातळ्यांवर नेतात, आणि त्यांच्यातही हाच वाद आहे, असे माझ्या वाचनात आले होते. झाकावे तर कापड वार्निश घासते; न झाकावे तर खडी उडून टवके जातात. सातासमुद्रांपलीकडे कुणी पैसेवाला आणि इथे माझा मामा, दोघांच्या जिवाला घोर एकच!

मग मामा असा भडकला का? घासण्याचे भय होते, हे खरे. पण कारण निराळे होते, आणि ते त्या ओटीवर फक्त दोघांनाच ठाऊक होते. एक मामा, आणि दुसरा मी.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, 'शाकारणे'. घर शाकारतात तशीच कोकणात होडीही शाकारतात. पावसाच्या तोंडाशी ती किनाऱ्यावर ओढून घ्यायची, आणि नारळीपौर्णिमेपर्यंत झावळ्यांच्या विणलेल्या झापांखाली ठेवायची. मामा दर वर्षी तसेच करी. सहा वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने एक निळी प्लॅस्टिकची ताडपत्री घेऊन गेलो. "मामा, कशाला ती झापे विणत बसायची? थेंब आत जाणार नाही," मी म्हणालो, आणि स्वतःच्या हाताने ती चारी बाजूंनी जमिनीपर्यंत घट्ट आवळून बांधली. खरोखरच थेंब आत गेला नाही. पण आतला दमटपणाही बाहेर आला नाही. झापांतून वारा खेळतो. प्लॅस्टिकखाली लाकूड घामेजते. लाकडात 20 टक्क्यांहून अधिक ओल मुरून राहिली की बुरशीला रान मोकळे मिळते. त्यातून खारे पाणी लाकडाला बरेचसे राखते; कुजवते ते गोडे पाणी. नारळीपौर्णिमेला मामाने ताडपत्री सोडली, तेव्हा आत पांढरी बुरशी धरली होती, आणि मागच्या दोन फळ्यांत बोट घातले की बोट आत जात होते.

हे मला मामीने सांगितले. मामाने चकार शब्द काढला नाही. फळ्या बदलल्या, आणि मी दिवाळीला गेलो तेव्हा एवढेच म्हणाला, "लाकूड म्हातारां झालां." मीही त्यावर काही बोललो नाही. मुलांना रोज सांगतो, चूक झाली तर हात वर करावा. सहा वर्षांत माझा हात वर झाला नाही.

रात्री जेवणे झाल्यावर मामा म्हणाला, "आता तूच सांग. होडी आता तुझी." तो हे रागाने म्हणाला नाही, आणि म्हणूनच मला ते सोसवेना. मी म्हणालो, "मामा, त्या फळ्या माझ्यामुळे गेल्या."

तो बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "माका ठावक होतां. पावसात एकदा सोडून बघूक होया होतां. पण तू बांधलंस म्हणान मी सोडूक नाय."

मामी कंदिलाची काच पुसत होती. वीज तेव्हा गेलेली होती. तिघांपैकी कुणीच पुढे काही बोलले नाही. पण त्यानंतर मात्र आम्ही भांडायचे थांबलो आणि विचार करू लागलो. ज्या गोष्टीला दोन दिवस लागले होते ती अर्ध्या तासात सुटली.

ऊन नको ना? मग उन्हात जायचेच कशाला? पहाटे तीनला निघायचे. वाळायला नको ना? मग होडीच्या आत पाण्याने निथळणारी गोणपाटे अंथरायची, फळ्यांना आणि तळाला चिकटून, आणि वाटेत थांबून त्यांवर पाणी शिंपडायचे. फडफडायला नको ना? मग वरून काही ताणायचेच नाही. जे घालायचे ते अंगाबरोबर घालायचे आणि काथ्याच्या दोरीने बांधायचे. बुरशीचे म्हणाल, तर ती महिन्यांचे काम करते. चार-पाच तासांत काही करू शकत नाही. प्रवासातले पांघरूण आणि मुक्कामातले पांघरूण वेगळे, एवढी साधी गोष्ट आम्ही एकमेकांच्या हट्टापायी विसरलो होतो.

टेम्पोच्या हौद्यात पेंढा भरलेली पोती आणि जुने टायर मांडले, म्हणजे भार तळावर येईल, शिवणीवर येणार नाही. आठ माणसांनी होडी उचलली. मामाने आपल्या हाताने गोणपाटे अंथरली. शेवटी मामीने एक जुने सुती लुगडे घागरीत बुडवून आणले आणि नाळेपासून मागेपर्यंत त्या गोणपाटांवर पसरले. मामाने तिच्याकडे पाहिले; पण या वेळी मढ्याचे नाव काढले नाही. होडीचे टोक मागे चार फूट बाहेर राहिले होते. तिथे टेम्पोवाल्याने तांबडे फडके बांधले. "एवढं कापड लागतंच, आजोबा," तो म्हणाला, आणि मामा चक्क हसला.

तळेरे मागे टाकले, फोंड्याचा घाट चढलो, आणि दाजीपूरच्या रानात उजाडले. मी चार वेळा गाडी थांबवून पाणी शिंपडले. टेम्पोवाला म्हणाला, "गुरुजी, आजारी माणसाला नेताना सुद्धा एवढं कुणी करत न्हाई."

पाण्याशी पोहोचल्यावर होडी उतरवली, आणि मामाने सांगितल्याप्रमाणे ती उथळात ढकलून आत दगड ठेवले. सांध्यांतून पाणी येऊ लागले. तासाभरात ती काठोकाठ भरून तळाला टेकली. वाडीतली पोरे काठावर गोळा झाली होती. "गुरुजी, तुमची होडी बुडाली!" त्यांनी एकच गिल्ला केला. मी त्यांना समजावले की ती बुडाली नाही, पाणी पीत आहे. पण खरे सांगतो, त्या तीन रात्री मला नीट झोप लागली नाही. तळाला चीर गेली असेल तर? मुलांना काय सांगू? मामाला काय सांगू?

चौथ्या दिवशी सकाळी दगड काढले, पाणी उपसले, आणि काठावर बसून राहिलो. एका सांध्यातून बारीक पाझर होता. तिथे कापूस ठासला. बाकी होडी कोरडी. तळाला चीर नव्हती. म्हाताऱ्याने वल्हे हाती घेतले. संध्याकाळी मामाचा फोन आला. त्याने मुलांचे विचारले नाही, माझे विचारले नाही. एवढेच विचारले, "फुगली?"

"फुगली," मी म्हणालो.

आषाढात घाटावरचा पाऊस कोसळू लागला तेव्हा आम्ही होडी काठावर ओढली. आमच्याकडे झाप कुठले! मुलांनी गवताचे छप्पर केले, दोन्ही टोके वाऱ्याला मोकळी ठेवून. मुले पुन्हा चालत येऊ लागली. पण ती नारळीपौर्णिमेचे दिवस मोजत होती. आता ती पहिल्या तासाला पेंगत नाहीत. उलट फार बडबडतात, आणि मला त्यांना गप्प बसवावे लागते.

ती निळी ताडपत्री मामाने माझ्या पिशवीत घालून दिली होती. मी ती टाकून दिली नाही. या दिवाळीत मामा आणि मामी आमच्याकडे यायची आहेत, आणि नेमके आमचे भातही वाळायला आले आहे. ते अंथरायला ती फार चांगली आहे.