टूडू : नंतर बघू!

एक साधा प्रश्न. या क्षणाला तुमची किती कामं अर्धवट पडलीयेत? मोजू नका, उगाच टेन्शन येईल. मी मोजली होती. आयुष्यातली नाही हो, माझ्या लॅपटॉपवरच्या एका छोट्याशा प्रोग्राममधली. सात निघाली. त्यातलं एक मला 18 हजारांना पडलं.

आता तुम्ही म्हणाल, मास कॉम केलेली, लेख पाडून पोट भरणारी ही मुलगी, हिचा आणि कोडिंगचा काय संबंध? याला जबाबदार माझी फ्लॅटमेट. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर इंजिनीअर, मी घरी पायजम्यात फ्रीलान्सर. फ्रीलान्सिंगमध्ये लिहिणं हे निम्मंच काम असतं, उरलेलं निम्मं म्हणजे पैसे मागणं. कुणाला इनव्हॉइस पाठवलं, कुणी दिले, कुणी 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणत तीन महिने लोटले... माझी एक्सेल शीट बघून ती एकदा कळवळून म्हणाली, "अगं, याची पायथनमध्ये स्क्रिप्ट लिही. दोन वीकेंडचं काम आहे."

दोनाचे पाच वीकेंड झाले, पण जमलं! बँकेचं स्टेटमेंट आणि माझ्या इनव्हॉइसची यादी, दोन्ही ताडून बघायचं. क्लायंटच्या नावाने पैसे आले की त्या इनव्हॉइससमोर 'मिळाले'. ज्यांचे आले नाहीत त्यांची नावं दर सोमवारी सकाळी माझ्यासमोर हजर. मी जाम खूश. आईला फोन करून सांगितलं, मी प्रोग्रामर झाले!

त्या पाचातल्याच एका रात्री मला प्रश्न पडला होता, की कुणी अर्धेच पैसे दिले तर? घड्याळात दीड वाजला होता. फ्लॅटमेट जांभई देत म्हणाली, "टूडू टाक आणि झोप."

हा टूडू म्हणजे कोडिंगवाल्यांचा लाडका फंडा. कोडमध्ये मधेच एक ओळ लिहायची, जी फक्त माणसांसाठी असते. पायथनमध्ये तिच्या आधी हॅशचं चिन्ह टाकलं, की कॉम्प्युटर ती ओळ चक्क सोडून देतो. त्यात मोठ्या अक्षरांत 'टूडू' आणि पुढे राहिलेलं काम. काहीतरी मोडलंय हे माहीत असेल तर 'फिक्समी'. जुगाड करून वेळ मारून नेली असेल तर 'हॅक'. मी लिहिलं, 'टूडू : अर्धं पेमेंट आलं तर?' आणि काय सांगू, इतकी शांत झोप लागली!

ही शांत झोप का लागते, ते मला बऱ्याच नंतर कळलं. ब्लूमा झायगार्निक नावाची मानसशास्त्रज्ञ बर्लिनमध्ये शिकत होती. तिने लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि त्यातली निम्मी मधेच थांबवली. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा ही अर्धवट कामं लोकांच्या जास्त लक्षात राहिली, असं तिने 1927 साली मांडलं. पुढच्या प्रयोगांत हे दर वेळी सापडलं नाही, पण रात्री दोन वाजता न पाठवलेला ईमेल आठवून दचकणाऱ्या आपल्यासारख्यांना ते लगेच पटतं. मग 2011 साली मॅसिकाम्पो आणि बॉमाइस्टर या दोघांचा एक अभ्यास आला. त्यांना असं दिसलं, की अर्धवट काम डोक्यात टोचत राहायचं थांबवायला ते पूर्ण करावं लागतंच असं नाही. ते कधी, कसं करायचं याचा पक्का प्लॅन केला तरी मन शांत होतं.

माझी गोची इथेच होती. प्लॅन केलाय असं मनाला वाटलं. प्रत्यक्षात होती फक्त एक ओळ, जी कॉम्प्युटर वाचत नव्हता आणि मीही वाचत नव्हते.

त्या जूनमध्ये एका ऑफिसचं ब्रोशर लिहिलं. ठरलेले 36 हजार. निम्मे मजकूर मंजूर झाल्यावर, निम्मे छपाईनंतर. पहिले 18 हजार आले. स्क्रिप्टने नाव बघितलं, इमानदारीत लिहिलं 'मिळाले', आणि तो क्लायंट माझ्या सोमवारच्या यादीतून कायमचा गायब!

मी काही त्या ब्रोशरचं नाव काढलं नाही. यादीत नाही म्हणजे चिंता नाही.

दिवाळीत मिरजेला गेले. बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या पैशांनी केलं होतं. "डाव्याचं मी करणार," असं मी तेव्हा सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं. बाबांना तोवर एक खेळच सापडला होता. एकेक डोळा हाताने झाकायचा आणि हॉलची भिंत बघायची. "उजव्याने पांढरी दिसते, डाव्याने पिवळट. कोणता डोळा खरं बोलतो, सांग?" मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच म्हटलं, यंदा जरा टाइट आहे गं, पुढे बघू. बाबांनी ऐकलंच. म्हणाले, "घाई काय आहे? पेपर वाचायला एक डोळा पुरतो."

फेब्रुवारीत टॅक्सची कागदपत्रं जुळवताना आकडे जमेनात. रात्रभर बसून एकेक इनव्हॉइस हाताने तपासलं तेव्हा ते 18 हजार दिसले. मग कोड उघडला. ओळ तिथेच होती, माझीच वाट बघत. कोणती ओळ कुणी आणि कधी लिहिली, हे 'गिट' या सिस्टिममध्ये एका कमांडने कळतं. त्या कमांडचं नाव काय असावं? 'ब्लेम'! चालवली. नाव माझं. वेळ रात्री 1 वाजून 34 मिनिटं.

क्लायंटकडे फोन केला. माझ्याशी बोलणी करणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते, नव्या मॅडमना काहीच माहिती नव्हती. मी विनम्र ईमेल पाठवत राहिले. ते पैसे अजून आलेले नाहीत. खरं सांगू, दोष त्यांच्याआधी माझा आहे. आठ महिने मागितलेच नाहीत, तर कोण आणून देईल? आणि मला पैशांपेक्षा बाबांचा हाताने झाकलेला डोळाच आठवत राहिला.

सॉफ्टवेअरमध्ये या प्रकाराला 'टेक्निकल डेट' म्हणतात. 1992 साली वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने ही कर्जाची उपमा दिली. थोडं कर्ज काढलं तर काम वेगाने पुढे जातं, पण ते लवकर फेडलं पाहिजे, नाहीतर व्याज चढतं. माझं व्याज कुणी भरलं, ते तुम्हाला कळलंच.

फ्लॅटमेटला सगळं सांगितलं. तिने "सॉरी गं" म्हणत चहा केला आणि मग क्लास घेतला. एक, नुसतं 'नंतर' लिहायचं नाही. गूगलच्या पायथन स्टाइल गाइडमध्येही सांगितलंय, की 'पुढे कधीतरी करू' असा टूडू असेल तर त्यात नेमकी तारीख किंवा नेमका प्रसंग हवा. दोन, चुकून पैसा बुडू शकेल अशा ठिकाणी ओळ लिहून थांबायचं नाही, तिथे प्रोग्रामलाच बोंब मारायला लावायची. पायथनमध्ये त्यासाठी 'नॉट इम्प्लिमेंटेड एरर' आहे. अर्धं पेमेंट आलं की स्क्रिप्ट तिथेच बंद पडली असती आणि मी जूनमध्येच चिडून जागी झाले असते. तीन, शुक्रवारी सगळे टूडू शोधून वाचायचे. करायचे नसतील ते बिनधास्त पुसायचे, पण वाचायचे.

त्याच रात्री मी ते काम केलं. आलेली रक्कम इनव्हॉइसच्या रकमेतून वजा करायची, शून्य उरलं तरच 'मिळाले'. 11 ओळी आणि चाळीस मिनिटं. बस्स! मग ती टूडूची ओळ डिलीट केली.

आणखी एक टूडू मी कोडमध्ये नाही, कॅलेंडरमध्ये टाकला. तारीख घालून, डॉक्टरांची वेळ घेऊन, एसटीचं तिकीट काढून. पैसे दुसऱ्या दोन कामांतून उभे केले. एप्रिलमध्ये बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी ते हॉलमध्ये उभे राहिले, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा.

"पांढरीच आहे गं," ते म्हणाले. "पण त्या कोपऱ्यात ओल आलीय. इतके दिवस कुणाला दिसली कशी नाही?"

मी मोबाइल काढला आणि पेंटरसाठी तारीख टाकली.